जठरातील जीवाणू आणि तीन औषधांचा उतारा

जठरातील आम्लात जीवाणू तग धरत नाहीत, असे आपण वर्गात सांगतो. या नियमाला एक मोठा अपवाद आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९८२ साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी रुग्णांच्या जठराच्या अस्तरातून मळसूत्री आकाराचा एक जीवाणू वाढवून दाखवला. (ईस्टरच्या सुट्टीमुळे बश्या दोन दिवसांऐवजी पाच दिवस उबवणपेटीत राहिल्या, म्हणून तो सापडला. आम्हा प्रयोगशाळेतील मंडळींना ही गोष्ट फार आवडते!) हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. अल्सर तिखटाने किंवा काळजीने होतो, ही समजूत त्याने मोडीत काढली.

हा जीवाणू यूरिएज नावाचे विकर बनवतो. हे विकर यूरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनियामुळे जीवाणूभोवतालचे आम्ल उदासीन होते. शिवाय तो श्लेष्माच्या थरात दडून बसतो.

त्याच्यावरचा रूढ उपचार तीन औषधांचा : अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि आम्ल कमी करणारे ओमेप्रॅझोलसारखे औषध. यातील तिसरे केवळ जळजळ थांबवण्यासाठी आहे असे रुग्णाला वाटते आणि बरे वाटताच तो ते बंद करतो. प्रत्यक्षात त्याचे काम वेगळेच आहे. अमॉक्सिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. म्हणजे ते विभाजन पावणाऱ्या पेशींनाच मारते. तीव्र आम्लात हा जीवाणू फारसा विभाजित होत नाही. आम्ल कमी झाले की तो वाढू लागतो आणि औषधाच्या तावडीत सापडतो. क्लॅरिथ्रोमायसिनही कमी आम्लात अधिक टिकते.

सुरुवातीच्या काळात या उपचाराने दहांपैकी नऊ जण जीवाणूमुक्त होत. आज अनेक देशांत हे प्रमाण आठांच्याही खाली गेले आहे. क्लॅरिथ्रोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. रायबोसोमच्या आरएनएमधील एकच अक्षर बदलले, तरी औषध तेथे नीट चिकटत नाही. समजा, शंभर रुग्णांपैकी वीस जणांत असे प्रतिरोधी जीवाणू आहेत. उरलेल्या ऐंशींपैकी नऊ-दशांश, म्हणजे ७२ बरे झाले आणि त्या विसांपैकी फक्त पाच; तर एकूण ७७. औषध तेच, मात्रा तीच, पण यश घटले. म्हणूनच ज्या भागात प्रतिरोध १५ टक्क्यांहून अधिक आहे, तेथे हा उपचार आंधळेपणाने देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात.

हा प्रतिरोध येतो कोठून? बराचसा आपणच पोसलेला असतो. घसा दुखला की दुकानातून परस्पर आणलेले अझिथ्रोमायसिन हे क्लॅरिथ्रोमायसिनचेच भावंड. जुलाबावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलचीही तीच कथा. त्याला दाद न देणारे जीवाणू भारतात बरेच आढळतात. अमॉक्सिसिलिनला प्रतिरोध मात्र अद्याप बहुतेक ठिकाणी कमी आहे.

आता पुष्कळ ठिकाणी बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्लरोधक असा चार औषधांचा १४ दिवसांचा उपचार प्रथम दिला जातो. गोळ्या पुष्कळ, तोंड कडवट, जीभ काळी. तरीही तो पुरा करावा लागतो, कारण पहिला प्रयत्न फसला की दुसरा अधिक अवघड होतो.

जीवाणू गेला की नाही, हे पोटदुखी थांबल्यावरून कळत नाही. त्यासाठी कार्बन-१३ असलेला यूरिया पाजून उच्छ्वास तपासतात. यूरिएज शिल्लक असेल, तर तो कार्बन श्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरतो. ही तपासणी प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करतात. त्याआधी केली तर अर्धमेले जीवाणू हाती लागत नाहीत आणि रोगी बरा झाला असे खोटेच दिसते.