‘माणसाचं इन्सुलिन’ म्हणजे कोणाचं?

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी आजीला इन्सुलिन सुरू करायला सांगितलं. बाबांनी खोक्यावरचं मोठ्याने वाचलं, “ह्युमन इन्सुलिन, आर-डीएनए ओरिजिन.” आजी एकदम म्हणाली, “ह्युमन? कोणा माणसाच्या अंगातून काढलंय हे? मी नाही टोचून घेणार!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायोटेक्नॉलॉजी शिकते ना मी! “आजी, रिकॉम्बिनंट डीएनए म्हणजे... क्लोनिंग व्हेक्टर...” म्हणता म्हणता मी अडकले. परीक्षेत याच प्रश्नाला चांगले मार्क मिळाले होते, पण आजीला सांगायला शब्दच नव्हते. शेवटी तिच्याच पाककृतींच्या वहीने मला वाचवलं. आपल्या मंडळातल्या कला शाखेच्या मित्रमैत्रिणींसाठी तेच इथे सांगते.

आजीची पूर्ण वही म्हणजे जीनोम. त्यातली एक कृती म्हणजे जनुक, अर्थात जीन. ही वही ज्या लिपीत लिहिली आहे तो डीएनए. या लिपीत अक्षरं चारच : ए, टी, जी आणि सी. माणसाच्या जीनोममध्ये अशी सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. त्याची कृती आपल्या प्रत्येकाच्या वहीत असते.

आता ही एकच कृती जंतूकडून करून घ्यायची आहे. पण नुसता कागद त्याच्याकडे टाकून चालत नाही, तो कागद टिकत नाही. म्हणून वाहक लागतो, तोच व्हेक्टर. गणितात व्हेक्टर म्हणजे सदिश, मलेरियाच्या धड्यात डास, आणि इथे डीएनएचा तुकडा वाहून नेणारा डीएनए. जीवाणूंमध्ये मुख्य डीएनएशिवाय प्लास्मिड नावाची छोटी गोल चकती असते. तीच वाहक म्हणून वापरतात. पीबीआर ३२२ हे त्यातलं प्रसिद्ध प्लास्मिड, ४३६१ अक्षरजोड्यांचं.

चांगल्या वाहकात तीन गोष्टी हव्यात. पहिली, ‘ओरी’ : जिथून नक्कल सुरू होते ती जागा. दुसरी, कापायची ठरलेली जागा. तिसरी, ओळखीची खूण, म्हणजे एखाद्या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक. मग ते अँटिबायोटिक घातलं की प्लास्मिड घेतलेले जंतू तेवढे जगतात, बाकीचे मरतात.

कात्रीचं काम रिस्ट्रिक्शन एन्झाइम करतं. इकोआरवन नावाची कात्री ‘जीएएटीटीसी’ दिसलं की तिथेच कापते. गंमत म्हणजे समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं तरी हीच अक्षरं येतात. आपल्या ‘नवीन’ किंवा ‘सरस’ शब्दांची चुलत भावंडंच म्हणा! कापलेली टोकं लायगेज नावाचं एन्झाइम जोडून देतं. जंतू वाढतो तसा तुकडाही वाढतो. एकाच तुकड्याच्या या हुबेहूब नकला म्हणजे क्लोन. इथे क्लोनिंग म्हणजे सिनेमातला डुप्लिकेट माणूस नव्हे!

पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांची जनुकं प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवली. ती प्लास्मिडमध्ये घालून ई. कोलाय या जीवाणूकडून दोन्ही साखळ्या करून घेतल्या आणि मग जोडल्या. १९८२ मध्ये हे औषध तिथे मंजूर झालं. म्हणजे कोणाच्याही अंगातून काही काढलं नव्हतं. कृती माणसाची, स्वयंपाकी जीवाणू! खोक्यावरच्या ‘आर-डीएनए’चा अर्थ एवढाच, की जोडलेल्या डीएनएपासून केलेलं. आज काही कंपन्या जीवाणूंऐवजी यीस्ट वापरतात.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि ते जंतू माझ्या अंगात नाही ना जाणार?”

हा प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नव्हता. “नाही गं. इन्सुलिन वेगळं काढून शुद्ध करतात, मगच बाटलीत भरतात.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?” असं म्हणत तिने दंड पुढे केला.

मला येत होतं, पण मराठीत येत नव्हतं. खरं तर तोवर मला नीट समजलंच नव्हतं. तुमच्याही घरात असं एखादं खोकं असेल. त्यावरचं वाचून घरच्यांना आपल्या भाषेत सांगून बघा.