वर्गात निसटणारी हुशारी

वर्गातलं प्रज्ञावान मूल म्हणजे पहिला नंबर काढणारं मूल, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं नसतं. २५ गुणिले १६ हे गणित घातलं की बाकीची मुलं उभी मांडणी करतात. एखादी मुलगी नुसतं ४०० लिहून मोकळी होते. विचारलं तर सांगते, ‘पंचवीस चोक शंभर, आणि असे चार शंभर.’ पायऱ्या नाहीत म्हणून तिचे गुण कापले जातात. उरलेला वेळ ती खिडकीबाहेर बघते, शेजारणीशी बोलते आणि शेरा मिळतो : अभ्यासात लक्ष नाही. ‘उत्तर कसं काढलंस?’ हे तिला विचारायलाच हवं. तिची ओळख तिथेच पटते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञा ओळखण्यासाठी तीन गोष्टींवर बोट ठेवलं : सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. यातली तिसरी तीन तासांच्या लेखी परीक्षेत जवळजवळ दिसतच नाही. आपल्याकडे पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी ही संस्था सुरू केली, ती बुद्धिमान मुलांच्या क्षमतेला समाजाच्या कामाशी जोडण्यासाठी.

घरी वेगळी बोली बोलणारी मुलं आणि अबोल मुली हमखास नजरेतून सुटतात. वाचताना अडखळणारी मुलंही. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि असामान्य बुद्धी एकाच मुलात असू शकतात. म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नये. शिक्षकांनी मुलांचे प्रश्न तारखेनिशी वहीत टिपावेत, आणि पालकसभेत गुणांइतकंच घरातल्या उद्योगांबद्दल विचारावं : बिघडलेला पंखा कोण उघडून बसतं, धाकट्या भावंडाला रोज नवी गोष्ट कोण रचून सांगतं.