पाऊस, भरती आणि सागवानी तुळया

आपत्तीशास्त्रात ‘जोखीम’ ही संज्ञा तीन गोष्टी एकत्र येण्याला उद्देशून वापरली जाते: निसर्गाकडून येणारा धोका, त्या धोक्याच्या टप्प्यात असलेली माणसे व मालमत्ता, आणि आघात सोसण्याची त्यांची कमी-अधिक ताकद. ओसाड माळावर ढगफुटी झाली तर ती हवामानाच्या नोंदवहीतील एक घटना ठरते. तोच पाऊस दादर, परळ, लालबाग किंवा गिरगावात पडला तर त्याची आपत्ती होईल की नाही, हे समुद्राला त्या वेळी भरती आहे का, गटाराचे तोंड कोणत्या पातळीवर आहे आणि डोक्यावरची तुळई किती वर्षांची आहे, यांवर अवलंबून असते. मुंबईच्या पूरस्थितीची चर्चा बहुधा मिलिमीटरच्या आकड्याभोवती फिरते, परंतु या जुन्या भागांपुरते पाहिले तर आकड्याइतकेच वेळापत्रक आणि घराचे वय निर्णायक ठरते.

या भागाचा भूगोलच मुळात माणसाने घडवलेला आहे. सात बेटांमधील खाड्या आणि दलदली अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बांध घालून व भराव टाकून बुजवल्या गेल्या आणि बेटांच्या मूळ उंचवट्यांमधला हा सखल पट्टा पुढे गिरण्या, चाळी आणि बाजारांनी भरून गेला. पाणी मात्र जुन्या उतारानेच धावते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील हिंदमाता चौक हे याचे ठळक उदाहरण असून आजूबाजूच्या सर्व बाजूंनी उतार तेथे येत असल्याने थोड्या जोराच्या पावसातही तेथे पाणी तुंबते. केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये या ठिकाणापासून जवळच असल्यामुळे येथे साचलेले पाणी म्हणजे केवळ वाहतुकीची कोंडी नव्हे. रुग्णवाहिकेची वाटच त्याने अडते.

शहराच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या, म्हणजे सांडपाण्यापासून वेगळ्या ठेवलेल्या पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या, तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि समुद्राला ओहोटी असेल असे गृहीत धरून बांधलेल्या होत्या. वाहिनी जेथे समुद्राला मिळते त्या जागेला पातमुख म्हणतात. मुंबईतील बहुतेक पातमुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाणे तर थांबतेच, शिवाय दरवाजे नसतील तर समुद्रच आत शिरतो. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते ते याच कारणाने. कोकणच्या किनाऱ्यावर छापील तक्त्याविनाही भरतीची वेळ काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या आणि पौर्णिमा-अमावास्येला दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे. उधाण याच दिवसांच्या आसपास येत असल्याने मुंबईच्या मोठ्या भरत्या बहुधा भर दुपारी गाठतात, जेव्हा शाळा आणि कचेऱ्या भरलेल्या असतात.

‘मुंबईत अमुक इतका पाऊस झाला’ हे विधान या शहरात किती फसवे असू शकते, ते २६ जुलै २००५ रोजी दिसले. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटरची. दक्षिण मुंबई त्या वेळी बऱ्याच अंशी वाचली आणि त्यातून उपनगरे बुडतात, ‘टाउन’ बुडत नाही, असा एक सोयीचा समज पसरला. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्याला सुमारे ३३० मिलिमीटर पाऊस आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा नोंदवला गेला, गिरगाव चौपाटीचा परिसर आणि जे. जे. रुग्णालय पाण्याखाली गेले आणि मलबार हिलच्या उतारावर दरड कोसळून बी. जी. खेर मार्ग बंद पडला, तेव्हा हा समज संपायला हवा होता.

२००५ च्या महापुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने १९९३ पासून कागदावर असलेल्या पर्जन्यजल प्रकल्पाला गती मिळाली. वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेणे आणि पातमुखांशी उदंचन केंद्रे उभारणे हे त्याचे मुख्य अंग होते. उदंचन केंद्र म्हणजे भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून आतले पाणी पंपांनी समुद्रात फेकणारी यंत्रणा. हाजी अली, वरळीची लव्हग्रोव्ह व क्लिव्हलँड बंदर आणि रे रोडची ब्रिटानिया ही शहर भागातील अशी केंद्रे होत. हिंदमाताचे पाणी ब्रिटानियाकडे जाते. तरीही वाटेतले अंतर मोठे आणि उतार नगण्य असल्याने पंप सुरू असूनही ते तुंबत राहिले. म्हणून २०२१ पासून दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधण्यात आल्या. भरती असेपर्यंत पाणी त्यांत धरून ठेवायचे आणि ओहोटीला सोडायचे, ही कल्पना. टोकियोच्या उत्तरेला पाणी तात्पुरते धरून ठेवण्याच्या तत्त्वावर भुयारी जलाशय आहेत, अर्थात प्रचंड आकाराचे.

या टाक्यांकडून काय अपेक्षा ठेवावी, हे साध्या हिशेबाने कळते. एका हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५ लाख लिटर पाणी होते, म्हणजे १ कोटी लिटरची टाकी भरायला फक्त २० हेक्टर भागातील एका तासाचा पाऊस पुरतो. टाकी पूर टाळत नाही, ती भरती उतरेपर्यंतचा वेळ विकत घेते. पाऊस तीन-चार तास एका जोराने कोसळला तर तो वेळही संपतो. हवामान खाते २४ तासांतील ६४.५ मिलिमीटरपासूनच्या पावसाला जोरदार, ११५.६ पासूनच्या पावसाला अतिजोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार म्हणते, आणि पिवळा, नारंगी व लाल हे इशारे पावसाच्या अशा अंदाजांच्या आधाराने दिले जातात. परळच्या रहिवाशाने लाल इशाऱ्याच्या शेजारी त्या दिवसाची भरतीची वेळ लिहून ठेवली, तर त्या इशाऱ्याचा उपयोग दुप्पट होईल.

वाऱ्याचा धोका थोडक्यात सांगता येतो. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्यावर न धडकता समुद्रातूनच उत्तरेकडे गेले, तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदवला गेला आणि बुंध्याभोवती काँक्रीट ओतलेली झाडे ठिकठिकाणी उन्मळून पडली. भूकंपाच्या वर्गीकरणात मुंबई दीर्घकाळ मध्यम जोखमीच्या तिसऱ्या विभागात गणली गेली असून, त्यासाठी वेगळी तयारी करण्याइतका वेळ कोणापाशी नसला तरी जुन्या इमारतींचा प्रश्न सुटला तर तिचाही बराच भाग आपोआप होईल.

खरा गुंतागुंतीचा विषय आहे तो या इमारतींचाच. सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या आणि दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींना ‘उपकरप्राप्त’ म्हणतात. सुरुवातीला त्यांची संख्या १९,६४२ होती आणि आजही हजारो तशाच उभ्या आहेत. त्यांच्या बऱ्याचशा सांगाड्यात सागवानी खांब व तुळया आणि चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती असतात. लाकूड कोरडे व हवेशीर असले तर शतकभर टिकते, पण तुळईचे जे टोक भिंतीत रुतलेले असते ते शेजारच्या मोरीतून झिरपणाऱ्या पाण्याने आतल्या आत कुजते आणि गिलाव्यामुळे ते कोणालाच दिसत नाही. भिंतीत उगवलेला पिंपळ, नव्याने घातलेल्या लाद्या आणि पोटमाळे यांचा भार त्यात मिसळतो. दरवाजे अचानक घट्ट बसू लागणे, चीर रुंदावत जाणे, गिलाव्याचे पोपडे पडणे, लाकूड कडकडल्याचा आवाज येणे या खुणा दिसल्या की क्षणभरही न थांबता सगळ्यांनी खाली उतरायचे आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवायचे, एवढे प्रत्येक चाळीत ठाऊक असले पाहिजे.

ठाऊक असूनही माणसे घर का सोडत नाहीत, याचे उत्तर भीतीच्या अभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठीची एकरकमी रक्कम, देऊन आलेल्या भाडेकरूपाशी ताब्याखेरीज भक्कम असे काही राहिले नाही. राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, म्हणजे म्हाडाचे, दुरुस्ती मंडळ पावसाळ्याआधी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते व रहिवाशांना संक्रमण शिबिरात जाण्यास सांगते, परंतु ही शिबिरे अनेकदा दूर उपनगरांत असतात आणि तेथे दोन-दोन पिढ्या अडकल्याची उदाहरणे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. ती पुनर्विकास प्रकल्पात होती, काही कुटुंबे आधीच हलली होती, काही राहिली होती. परतीचा हक्क लेखी आणि मुदतीसह हाती पडत नाही तोवर नोटिशीचा कागद इशाऱ्यासारखा वाचला जाणार नाही, आणि म्हणून या भागांत भाडेकरूचा करार हाही आपत्ती व्यवस्थापनाचाच भाग मानला पाहिजे. प्लॅस्टिकच्या पाकिटात सांभाळण्याच्या कागदपत्रांत रेशन कार्डाच्या बरोबरीने भाडेपावती यायला हवी ती याच अर्थाने.

हुसैनी कोसळण्याच्या दोनच दिवस आधी, २९ ऑगस्ट २०१७ रोजी, गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी मुंबई पुन्हा बुडाली होती. प्रभादेवी भागात पाण्यातून चालणारे एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. त्याच रात्री लालबाग-परळच्या गणेश मंडळांनी अडकलेल्या प्रवाशांना जेवण आणि आसरा दिला. मंडपात त्या दिवसांत कार्यकर्ते, ध्वनिक्षेपक, जनरेटर आणि मोठी भांडी असे सगळे हाताशी असते. १९७० च्या महाभयंकर चक्रीवादळानंतर बांगलादेशाने गावोगावच्या स्वयंसेवकांना हातकर्णे देऊन इशारा पोहोचवण्याची जी फळी उभारली, तिच्या तोडीची माणसे या गिरण्यांच्या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, आधीच जमलेली आहेत. त्यांच्याकडे उणीव आहे ती कामाच्या वाटणीची. कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी आहे व तिला कोण उचलणार, जिन्याखालच्या मीटरपेटीचा मुख्य खटका पाणी चढण्याआधी कोण बंद करणार, मॅनहोलचे झाकण कोणी उचलू नये म्हणून कोण उभे राहणार, तळटाकीत गढूळ पाणी शिरल्यावर उकळलेल्या पाण्याखेरीज काही पिऊ नये हे कोण सांगणार आणि साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे कोण धाडणार, ही यादी एका कागदावर मावते.

तयारीचे वेळापत्रकही आता जुने झाले आहे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून धरून नालेसफाई मेअखेर संपवण्याचा, पंप त्याच सुमारास बसवण्याचा आणि अतिधोकादायक इमारतींची यादी मे महिन्यात काढण्याचा प्रघात आहे. २०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला, हिंदमाता नेहमीप्रमाणे तुंबले आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौक या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. यादी आणि पाऊस यांच्यात जर आठवडा-दोन आठवडेच उरणार असतील, तर भाड्याची खोली शोधणे, मुलांची शाळा बदलणे आणि मालकाशी करार करणे यांतले काहीच त्यात बसत नाही. ही यादी फेब्रुवारीत लागली तर मुलांच्या परीक्षा आटोपेपर्यंत कुटुंबांना करारही पदरात पाडून घेता येईल.