राखलेला काळोख

पेंचला सगळे वाघासाठी जातात. मी म्हणेन, एकदा अमावास्या बघून जा. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने मनसर मागे टाकून सिल्लारी गाठायची, जेमतेम ७० किलोमीटर. इथे जंगलाबरोबर रात्रही राखली आहे. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा आणि वाघोली या गावांतले १००हून जास्त दिवे बदलले गेले. नवे दिवे उजेड फक्त खाली टाकतात. गावाला रस्ता दिसतो आणि वरचं आभाळ मोकळं राहतं.

डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर मोबाइल खिशातच राहू द्यावा. डिसेंबरात पूर्वेला मृग वर येतो, पोटात तीन ताऱ्यांचा बाण घेऊन, आणि पाठोपाठ व्याध. खाली रानात चितळ धोक्याचा आवाज देत असताना वर ही शिकार बघणं विलक्षण असतं! डोक्यावर देवयानी दीर्घिकेचा फिकट पुंजका दिसतो. तो उजेड तिथून निघाला सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी, तेव्हा आपली मानवजात जन्मालाही आली नव्हती.

पण हा काळोख आपल्यापेक्षा जास्त रानाच्या कामाचा. रातवा, घुबड, सायाळ, उदमांजर यांचा दिवस रात्रीच सुरू होतो. वाघाच्या डोळ्यात तर पडद्यामागे आरशासारखा थर असतो. एकदा निसटलेला उजेड तो पुन्हा पडद्यावर फेकतो. टॉर्चच्या झोतात ते डोळे चमकतात ते त्यामुळेच.

मला सगळ्यात थक्क केलं ते मात्र शेणकिड्याने. दक्षिण आफ्रिकेतला एक शेणकिडा शेणाचा गोळा ढकलत सरळ रेषेत लांब पळतो, नाहीतर दुसरे तो लुबाडतात. चंद्र नसताना त्याला दिशा कशी कळते? संशोधकांनी काही किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या चढवल्या. आभाळ झाकलं गेलं आणि ते भरकटले. मग तारांगणाच्या घुमटाखाली फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला, तर किडे नीट सरळ चालू लागले. हे २०१३मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०२१मध्ये जोहान्सबर्ग शहरातल्या प्रयोगाची हकिगत आली. एकमेकांपासून लांब पांगायचं हाच या किड्यांचा सगळा खटाटोप. शहरात मात्र ते इमारतींच्या दिव्यांकडे धावले, सगळे एकाच दिशेला.