आकडे खरे, चार्ट खोटा: डेटातून गोष्ट सांगताना

लोकलमध्ये उभं राहून हेडफोनवर ऐकत असाल, किंवा आवाज बंद ठेवून नुसतं वाचत असाल, स्वागत. आज बोलूया डेटातून गोष्ट कशी सांगायची याबद्दल. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून.

पहिल्या नोकरीत मी टॅब्लोमध्ये एक बार चार्ट बनवला. दोन सेंटर, आणि वेळेत पोचलेली पार्सलं. एकाची शंभरातली 94, दुसऱ्याची 91. दोन्ही बार जवळजवळ सारखेच. मला वाटलं, यात दाखवायचं काय? टॅब्लो आपणहून बार शून्यापासून काढतं. मी सेटिंगमध्ये जाऊन उभा अक्ष 90 पासून सुरू केला. झालं! एक बार दुसऱ्याच्या चौपट उंच. मीटिंगमध्ये सगळे दचकले. दुसऱ्या सेंटरच्या दादांना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, आमचं काम खरंच एवढं खराब आहे का हो?"

शंभरात तीन पार्सलांचा फरक होता. एकही आकडा मी बदलला नव्हता, तरी खोटी गोष्ट सांगून बसले होते.

हे होतं कसं? बार बघताना आपला डोळा लांबी मोजतो. वरचा आकडा मेंदू नंतर वाचतो, आधी "हा याच्या चौपट" असं ठरवून मोकळा होतो. म्हणून बार चार्ट शून्यापासूनच हवा. लाइन चार्टचं तसं नाही. तिथे आपण चढउतार बघतो, त्यामुळे अक्ष मधून सुरू केला तरी चालतो. तापाचा चार्ट शून्य डिग्रीपासून काढला, तर ताप दिसणारच नाही!

म्हणजे अक्ष बदलणं हे पापच, असंही नाही. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग आठवा. 2006 मधलं त्यांचं टेड टॉक यूट्यूबवर आहे, जरूर बघा. प्रत्येक देश म्हणजे एक बुडबुडा. बुडबुडा जितका मोठा तितकी लोकसंख्या जास्त, रंगावरून खंड कळतो. वर्षं पुढे सरकतात तसे बुडबुडे पळायला लागतात आणि रोसलिंग मॅचची कॉमेंट्री करावी तसे बोलत राहतात. त्यामागचं ट्रेंडलायझर हे सॉफ्टवेअर 2007 मध्ये गूगलने विकत घेतलं.

त्यांच्या गॅपमाइंडरच्या चार्टवर उत्पन्नाचा आडवा अक्ष नीट बघा. 1000, 2000, 4000, 8000 डॉलर... प्रत्येक पायरीला दुप्पट. का? वर्षाला 1000 डॉलर मिळवणाऱ्या घरात आणखी 1000 आले तर चूल बदलते, शाळा बदलते. 50,000 मिळवणाऱ्याला तेवढ्याने काय फरक पडणार? इथे अक्ष वाकवला तो खरी गोष्ट दिसावी म्हणून, आणि आकडे खाली स्पष्ट लिहून.

तुम्हाला करून बघायचंय? टॅब्लो पब्लिक फुकट आहे. डेटारॅपर ब्राउझरमध्येच चालतं. कॉलेजच्या प्रोजेक्टला गूगल शीट्सही पुरे. फक्त चार्ट पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, बार शून्यापासून आहेत ना?
दोन, शीर्षकात मुद्दा आहे का? "सेंटरनिहाय डिलिव्हरी" हे नाव झालं. "दोन्ही सेंटरची नव्वदहून जास्त टक्के पार्सलं वेळेत" ही गोष्ट झाली.
तीन, ज्याच्याबद्दल चार्ट आहे, त्याच्यासमोर तो ठेवून तुम्ही बोलू शकाल का?

तिसरा प्रश्न मला त्या फोनने शिकवला. दुसऱ्या दिवशी मी शून्यापासूनचा चार्ट सगळ्यांना पुन्हा पाठवला आणि खाली लिहिलं, "कालच्या चार्टमध्ये चूक माझी होती." दादांचा रिप्लाय आला, नुसता एक अंगठा. तो बघून बरं वाटलं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत व्हॉट्सॲपवर एखादा चार्ट आला, तर फॉरवर्ड करण्याआधी अक्ष कुठून सुरू होतोय ते बघा!