नगरचे रणगाडे आणि लढाईची आठवण



नगर म्हटले की कुणाला चांदबीबी आठवते, कुणाला भुईकोट किल्ला, तर कुणाला रणगाडे. म्हणजे सगळ्या गोष्टी लढाईच्याच! जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्याकडचा माणूस अजून 'नगरला चाललो' असंच म्हणतो. म्हणून मीही तसंच लिहिते.

किल्ल्याचे थोडक्यात सांगते. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट फोडला, तेव्हा चांदबीबीने रातोरात भगदाड बुजवून घेतले. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने हाच किल्ला शिंद्यांकडून जिंकला. पुढे १९४२ साली 'चले जाव'च्या वेळी इंग्रजांनी पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना इथेच कोंडले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ याच कैदेत लिहिला. एकाच तटाच्या आत आपल्या हरण्याची आठवण आहे आणि न हरण्याचीही आहे.

आता रणगाडे. नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. तिथे इंग्रज, जर्मन, जपानी असे कितीतरी देशांचे रणगाडे उभे आहेत. पोरं तोफेच्या नळीला हात लावून फोटो काढतात. पण एकेका रणगाड्यापाशी थांबून विचारलं पाहिजे, की बाबा, तू इथं आलास कसा?

पॅटन रणगाड्याचेच घ्या. तो अमेरिकेत तयार झाला, पाकिस्तानकडे गेला आणि १९६५ च्या लढाईत आपल्या हाती लागला. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचे गाव आहे. आपल्या सैन्याने तिथल्या उसाच्या शेतांत पाणी सोडून दिले. आपल्याकडे पाटाचे पाणी सुटल्यावर उसात बैलगाडी कशी रुतते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. तसेच ते अवजड पॅटन चिखलात रुतले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांतले बरेच टिपले आणि १० सप्टेंबर १९६५ रोजी ते तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पकडलेले पॅटन मग देशात गावोगावी चौकांत नेऊन ठेवले.

दुसरा रणगाडा मात्र आपलाच आहे. त्याचे नाव 'फामागुस्ता'. तो नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी केंद्रात जपून ठेवला आहे. पूना हॉर्स या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यात बसून लढले. ते पुण्यात जन्मलेले, वय फक्त २१. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाड्याला आग लागली, बाहेर पडण्याचा हुकूम आला. माझी तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते आतच राहिले. त्याच दिवशी तिकडे ढाक्याला शरणागती झाली. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००१ साली अरुण यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, आपले फाळणीपूर्वीचे गाव बघायला पाकिस्तानात गेले. वय ८१ वर्षे. लाहोरला ज्या पाकिस्तानी ब्रिगेडियरच्या घरी ते उतरले, त्यांनी फार आदराने सगळे केले आणि शेवटी सांगितले, की तुमचा मुलगा माझ्याच हातून मारला गेला. तीस वर्षे त्या माणसानेही हे ओझे वागवले होते. रणगाड्यासमोरच्या पाटीवर एवढं सगळं मावत नाही.

आठवण ठेवण्याच्याही तऱ्हा असतात. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी महाराष्ट्रात अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढेच त्यावर असते. नुसता आकडा! सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात मेले. दिल्लीला २०१९ साली राष्ट्रीय युद्ध स्मारक झाले, तिथे पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावे दगडात कोरली आहेत. मला नाव कोरलेलेच बरे वाटते. आकड्याला कोण ओवाळणार?

आता जवळचे सांगते. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांच्या हद्दीवर के. के. रेंज आहे. तिथे तोफांचा सराव चालतो. काही गोळे पडतात पण फुटत नाहीत. भंगाराला भाव येतो म्हणून ते उचलायला गेलेली माणसे जिवानिशी गेली आहेत. शेळ्यांमागे जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. लोखंडाची अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका, दगड मारू नका. जागा लक्षात ठेवून मागे फिरा आणि पोलीस पाटलांना सांगा.

आमच्या आळीत एक आजी आहेत. त्यांचे मालक एकाहत्तरच्या लढाईत गेले, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांना दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. खुरपून खुरपून अंगठ्याच्या रेघा झिजल्यात, म्हणून यंत्र अंगठा घेत नाही. मागच्या वर्षी तीन हेलपाटे झाले. मी त्यांना संग्रहालयाचे सांगितले तर म्हणाल्या, "रणगाडा बघायला तिकीट लागतं व्हय गं? आन् आतल्या माणसाचं काय लिवलंय का तिथं?" मी अरुण खेत्रपालांची गोष्ट पुरी सांगितली. त्या म्हणाल्या, "त्याच्या आईचं सांग." ते मला सांगता आलं नाही.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळतात. छातीला लावायचा छोटा ध्वज मिळतो, आणि जमलेला पैसा शहिदांच्या पत्नी, अपंग जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी जातो. यंदा डबा सातवीच्या वर्गात, फळ्याशेजारच्या खिडकीत ठेवला आहे. सुट्टे पैसे नसतील तर गुरुजींकडे मोड मिळेल.