हवेपासून प्राणवायू : लिंडे उद्योगसंस्थेची वाटचाल

रुग्णाला दिला जाणारा प्राणवायू आणि पोलादाच्या भट्टीत वापरला जाणारा प्राणवायू या दोहोंचे उगमस्थान बहुधा एकच असते, ते म्हणजे आपल्याभोवतीची हवा. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के प्राणवायू असतो. हे वायू मोठ्या प्रमाणावर वेगळे करण्याची रीत रूढ करण्यात जर्मनीतील लिंडे या उद्योगसंस्थेचा वाटा मोठा आहे.

म्यूनिच येथील प्राध्यापक कार्ल लिंडे यांनी १८७९ मध्ये वीसबाडेन येथे ही संस्था स्थापन केली. त्या काळी बिअरचे कारखाने गारव्यासाठी तळ्यांतील नैसर्गिक बर्फावर अवलंबून असत. हिवाळा सौम्य गेला की बर्फाचा तुटवडा पडे. लिंडे यांच्या शीतकरण यंत्रांमुळे ही अडचण दूर झाली.

१८९५ मध्ये त्यांनी हवेचे द्रवात रूपांतर करण्याची कृती सिद्ध केली. दाबाखालील हवा प्रसरण पावू दिली की तिचे तापमान थोडे उतरते. ही गार हवा मागून येणाऱ्या हवेच्या नळीभोवती खेळविली जाते. अशा रीतीने गारवा वाढत जाऊन अखेर हवा द्रवरूप होते. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला, तर प्राणवायू उणे १८३ अंशांना उकळतो. या फरकाचा उपयोग करून १९०२ मध्ये प्राणवायू वेगळा करण्यात आला.

पुढे संस्थेने वायूंचा पुरवठा आणि वायुनिर्मितीच्या संयंत्रांची उभारणी असे दोन्ही व्यवसाय वाढविले. १९०७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली तिची शाखा कालांतराने स्वतंत्र होऊन प्रॅक्सएअर बनली व २०१८ मध्ये पुन्हा लिंडेशी एकत्र आली. ब्रिटनची बीओसी कंपनी २००६ मध्ये लिंडेकडे आली. १९३५ पासून भारतात कार्यरत असलेली बीओसीची संलग्न कंपनी २०१३ मध्ये लिंडे इंडिया झाली.

द्रवरूप प्राणवायूचा वायू होताना त्याचे आकारमान आठशे पटींच्या आसपास वाढते. म्हणूनच दूरच्या वाहतुकीस द्रवरूप सोयीचे ठरते. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या साथीत कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापट्टणमला गेली आणि तेथील पोलाद कारखान्यातील द्रवरूप प्राणवायू घेऊन नागपूर व नाशिकला परतली. हवा सर्वत्र विनामूल्य आहे. परंतु तिच्यातील प्राणवायू वेळेवर रुग्णापर्यंत पोहोचावा, यासाठी संयंत्र, साठवण आणि वाहतूक यांची सिद्धता संकटापूर्वीच करावी लागते.